परीक्षेच्या तोंडावरची गोळी: कॅफिनपासून मोडाफिनिलपर्यंत एक परीक्षण

परीक्षा जवळ आली की ‘अभ्यासासाठी’ म्हणून पोटात जाणारा माल चार प्रकारचा असतो. कॅफिनच्या गोळ्या, एनर्जी ड्रिंक, बुद्धी तल्लख करण्याचा दावा करणाऱ्या कॅप्सूल, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत अशी औषधं, म्हणजे मिथाइलफेनिडेट, ॲम्फेटामिन, मोडाफिनिल. पहिले तीन प्रकार उघड विकत मिळतात. चौथा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी औषधाच्या डबीतून येतो. चौघांचं परीक्षण एकत्रच करायला हवं, कारण घेणाऱ्याच्या मनात काम एकच असतं: कमी झोपून जास्त पानं उरकायची.

या मालाची एक अडचण सुरुवातीलाच सांगतो. बूट चावला तर घालणाऱ्याला कळतं, पेन गळलं तर बोटं माखतात. इथे मात्र ज्या डोक्याने मालाची पारख करायची, त्याच डोक्यावर मालाचा अंमल असतो. इरेना इलिएवा, मार्था फाराह आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४६ निरोगी तरुणांना एकदा ॲम्फेटामिन क्षारांचं २० मिलिग्रॅमचं मिश्रण आणि एकदा औषध नसलेली कॅप्सूल दिली, आणि स्मरण, एकाग्रता, सर्जनशीलता अशा १३ मोजमापांवर तपासलं. एकंदर कामगिरीत औषधाने फरक पडला नाही. पण औषधाच्या दिवशी आपलं काम सरस झालं, असं मात्र त्यांना वाटलं.

त्यामुळे ‘घेतली आणि रात्रभर जबरदस्त अभ्यास झाला’ हा अभिप्राय प्रामाणिक असूनही उपयोगाचा नसतो. तो उत्साह औषधाच्या परिणामाचाच भाग आहे. अभ्यास झाला की नाही, हे दुसऱ्याने तपासलेल्या पेपरातच दिसतं. विद्यार्थ्यांनी हे घ्यावं की नाही, हा नैतिकतेचा प्रश्नही आमच्या मते इथूनच सुरू होतो. नकलेचा मुद्दा त्यानंतर येतो.

कॅफिनची गोळी

चारांपैकी हा सर्वात सरळ माल. एका गोळीत साधारण १०० किंवा २०० मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि तो आकडा वेष्टनावर छापलेला असतो. गोळीचा मोठा गुण हाच. कॉफीच्या कपात किती कॅफिन आहे ते पूड, पाणी आणि उकळण्याचा वेळ ठरवतात. गोळीत ते ठरलेलं असतं. विकत घेताना १०० मिलिग्रॅमची पाहावी. २०० चीच मिळाली तर मधोमध खाच असलेली घ्यावी, ती बोटांनी दाबली की सरळ मोडते. खाच नसलेली गोळी सुरीने कापली तर एक तुकडा मोठा, एक लहान आणि थोडा चुरा असा हिशेब होतो. हळूहळू विरघळणारी गोळी तर मोडूच नये, तिचा सगळा डोलारा त्या न मोडण्यावर असतो.

कॅफिन शक्ती देत नाही. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की झोप येते. कॅफिन त्या जागा अडवून धरतं. ॲडेनोसिन कुठेही जात नाही, बाहेर थांबून वाढतच राहतं. कॅफिन उतरायला लागलं की थकलेली सगळी वसुली एकदम दारात उभी राहते. पहाटे चारला ताठ बसलेला विद्यार्थी साडेसातला पुस्तकावर डोकं टेकतो, त्याचं कारण हे.

गोळीचा जोर साधारण अर्ध्या ते एका तासात येतो, भरल्या पोटी आणखी उशिरा. सर्वात नेहमीची चूक इथेच होते. वीस मिनिटांत काही जाणवलं नाही म्हणून दुसरी गोळी घेतली जाते आणि तासाभरात दोन्हींचा अंमल एकावर एक चढतो: हात थरथरतात, छातीत धडधडतं, पोटात आग पडते, एकाच ओळीवरून नजर चार वेळा फिरते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चिंतेचं नाही असं म्हटलं. गरोदरपणात दिवसाला २००. लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलो वजनाच्या पंधरा वर्षांच्या मुलीची दिवसाची मर्यादा १५० मिलिग्रॅम झाली, आणि २०० ची एकच गोळी ती ओलांडते. शाळकरी मुलांच्या हातात ही पाकिटं दिसतात तेव्हा हा गुणाकार कुणी केलेला नसतो.

शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला २०० मिलिग्रॅम घेतलं, तर रात्री अकराला १०० आणि पहाटे चारला ५० शिल्लक असतं. सरासरी हा शब्द इथे फार महत्त्वाचा, कारण माणसामाणसात मोठा फरक पडतो. सिगारेट ओढणाऱ्यांचं कॅफिन लवकर उतरतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा काळ जवळपास दुप्पट होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे नेहमीचं अँटिबायोटिक आणि फ्लुवॉक्सामिन हे नैराश्यावरचं औषधही कॅफिनचा निचरा अडवतात. मैत्रिणीला दोन गोळ्या सोसल्या म्हणून आपल्यालाही सोसतील, हे गणित म्हणूनच चुकतं.

झोपेची किंमतही मोजली गेली आहे. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनने रात्रीची झोप तासाभराहून जास्त कमी झाली, असं २०१३ च्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं. दिवसा वाचलेलं रात्री झोपेत पक्कं होतं, ही गोष्ट स्मरणाच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा तपासलेली आहे. पाठांतरासाठी जागायचं आणि पाठांतर पक्कं करणारी झोप तोडायची, असा हा व्यवहार आहे. म्हणून आमचा साधा नियम: झोपेच्या आधीच्या आठ तासांत गोळी नाही.

मग ही गोळी कशासाठी चांगली? अर्धवट झोपेनंतर लक्ष टिकवायला, आकडेमोडीतल्या धांदलीच्या चुका टाळायला, कंटाळवाण्या उजळणीला. अवघड प्रमेय समजायला तिची मदत जवळपास शून्य. तिचा सर्वात चांगला वापर छोट्या डुलकीबरोबर होतो. १९९७ साली लुईस रेनर आणि जिम हॉर्न यांनी पेंगुळलेल्या चालकांवर बनावट गाडीत प्रयोग केला. १५० मिलिग्रॅम कॅफिन आणि लगेच पंधरा मिनिटांच्या आतली डुलकी या जोडीने चालकांच्या चुका चांगल्याच कमी झाल्या. कृती सोपी आहे: १०० मिलिग्रॅमची गोळी पाण्याबरोबर घ्या, वीस मिनिटांचा गजर लावा, खोली अंधारी करून पडा. झोप लागली नाही तरी पडून राहा. गजर होईपर्यंत कॅफिन चढू लागलेलं असतं. गजर पाऊण तासाचा लावला तर गाढ झोपेतून उठल्यासारखं डोकं जड होतं, आणि सगळा खटाटोप वाया जातो.

सोडतानाही चूक होते. रोजची सवय एकदम बंद केली की १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं, २० ते ५१ तासांच्या दरम्यान त्रास शिगेला जातो आणि तो नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकतो. ‘परीक्षेआधी दोन दिवस सगळं बंद’ असा निश्चय करणारा नेमका त्या शिगेला पेपर लिहायला बसतो. बंद करायचं असेल तर परीक्षेच्या दोन आठवडे आधी, दर दोन-तीन दिवसांनी अर्धी गोळी कमी करत. नाहीतर परीक्षा संपेपर्यंत तीच मात्रा, त्याच वेळी. आणि पेपरच्या दिवशी पहिल्यांदाच गोळी घेऊन बघणं तर नकोच. थरथरत्या हाताने आकृती नीट निघत नाही, आणि तीन तासांत दोनदा लघवीला जावं लागलं तर तेवढी मिनिटं कुणी परत देत नाही.

सुट्या कॅफिन पावडरीबद्दल एकच सांगणं: घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१८ साली ती ग्राहकांना घाऊक विकण्याविरुद्ध पाऊल उचललं, कारण एका चमचाभर पावडरीत सुमारे २८ कप कॉफीइतकं कॅफिन असतं. स्वयंपाकघरातला काटा ग्रॅम मोजतो. इथे प्रश्न मिलिग्रॅमचा आहे आणि चूक जीवावर बेतते.

नैतिक बाजूने कॅफिनविरुद्ध फारसं काही सापडत नाही. ते सगळ्यांना सारखं उपलब्ध आहे, मात्रा छापलेली आहे, दुसऱ्या कुणाचा वाटा त्यात जात नाही. खेळातल्या उत्तेजकांवर करडी नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेनेही २००४ मध्ये कॅफिन बंदीच्या यादीतून काढलं. म्हणजे नुसतं रसायन घेतलं म्हणून कुणी लबाड ठरत नाही. लबाडी कुठे सुरू होते ते पुढे येतं.

आमचे गुण: पाचपैकी साडेतीन, फक्त प्रौढांसाठी, फक्त दुपारपर्यंत.

एनर्जी ड्रिंक

तेच कॅफिन, साखरेत घोळून. नेहमीच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात ८० मिलिग्रॅम कॅफिन आणि २७ ग्रॅमच्या आसपास साखर असते. मोठ्या डब्यात दोन्ही दुप्पट. यात खरी खोट अशी की ते घोट घोट पिता येतं आणि मोजदाद सुटते. एक डबा, मधे दोन कप कॉफी, वर अर्धी गोळी, आणि ४०० चा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही. परीक्षा संपल्याच्या आनंदात ते दारूत मिसळणं वेगळंच संकट: कॅफिनमुळे चढलेली जाणवत नाही, रक्तातली दारू मात्र तेवढीच असते. पाचपैकी दीड गुण, तोही डब्यावर कॅफिनचा आकडा छापतात म्हणून.

‘ब्रेन बूस्टर’ कॅप्सूल

डबी उलटी करून मागची बाजू वाचा. प्रत्येक घटकापुढे मिलिग्रॅम लिहिले आहेत का? बऱ्याच डब्यांवर आठ-दहा नावं एका खाली एक असतात आणि शेवटी ‘खास मिश्रण, ८०० मिलिग्रॅम’ असा एकच आकडा. त्यात कशाचा वाटा किती, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. ग्वाराना लिहिलं असेल तर ते कॅफिनच समजा आणि आपल्या दिवसाच्या बेरजेत धरा. एल-थिअॅनिन हा चहातला घटक १०० ते २०० मिलिग्रॅम या मात्रेत कॅफिनबरोबर वापरला जातो, पण त्यासाठी दहा नावांच्या मिश्रणाची गरज नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे डबीवर न लिहिलेला ऐवज. पीटर कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली अशा १० उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांत अमेरिकेत मान्यता नसलेली ५ औषधं निघाली, आणि काहींच्या वेष्टनावरचे आकडे आतल्या मालाशी जुळत नव्हते. विद्यार्थी बिचारा ‘पूरक आहार’ म्हणून घेतो आणि पोटात जातं न तपासलेलं औषध. इथे नैतिकतेचा दोष विकणाऱ्याकडे आहे. गुण नाहीत, घेऊ नका.

चिठ्ठीवरची औषधं

आता मूळ वादाचा विषय. आधी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: ही चांगली औषधं आहेत. मिथाइलफेनिडेट १९४४ साली सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझॉन यांनी तयार केलं. रिटालिन हे त्याचं बाजारातलं नाव त्यांच्या पत्नीच्या रिटा या लाडक्या नावावरून आलं. ॲम्फेटामिनचा जन्म त्याच्याही आधीचा, १८८७ चा, आणि चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली ते वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांना दिलं तेव्हा त्यांचा शाळेतला अभ्यास सुधारलेला दिसला. आज एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असलेल्या माणसासाठी ही औषधं दिवस मार्गी लावणारी असतात. मोडाफिनिल हे नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारासाठी. निदान झालेला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणारा विद्यार्थी परीक्षेत कोणताही गैरफायदा घेत नसतो. तो रांगेत पुढे घुसत नाही, त्याला इतरांसारखं रांगेत उभं राहता येतं एवढंच. ‘तुझं बरंय, तुला गोळी आहे’ असं त्याला ऐकवणाऱ्यांनी हे समजून घ्यावं.

प्रश्न आहे तो आजार नसताना घेणाऱ्यांचा. त्यांना काय मिळतं? एलिझाबेथ बोमन आणि सहकाऱ्यांचा २०२३ चा प्रयोग इथे फार बोलका आहे. ४० निरोगी माणसांना संगणकावर एक कोडं दिलं. पडद्यावर वस्तू मांडलेल्या, प्रत्येकीचं वजन वेगळं, किंमत वेगळी. पिशवीला वजनाची मर्यादा. मर्यादेत राहून जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू भरायच्या. नुसती मेहनत करून हे कोडं सुटत नाही. कोणती वस्तू आधी उचलायची आणि कोणती सोडायची, याचा विचार लागतो. त्याच माणसांनी वेगवेगळ्या दिवशी मिथाइलफेनिडेट, डेक्सॲम्फेटामिन (ॲम्फेटामिनचाच एक प्रकार), मोडाफिनिल आणि औषध नसलेली कॅप्सूल घेऊन कोडी सोडवली. औषधावर असताना त्यांनी जास्त खटपट केली, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या. पण त्या चालींचा दर्जा घसरला. औषधाविना जे सरासरीच्या वर होते, ते औषधावर बहुधा सरासरीच्या खाली आले.

२०१७ साली ३९ बुद्धिबळपटूंवर केलेल्या प्रयोगातही असंच काहीसं दिसलं. मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल आणि कॅफिन घेतलेले खेळाडू प्रत्येक चालीवर जास्त वेळ विचार करत होते, आणि घड्याळ संपल्यामुळे जास्त डाव हरत होते. घड्याळाने हरलेले डाव बाजूला काढले तर खेळ सुधारलेला दिसत होता. तेव्हा फायदा मुळीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण परीक्षेलाही घड्याळ असतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सहा पानं, अक्षर मोत्यासारखं, आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे: या औषधांवर लिहिलेल्या पेपराला हाच मोठा धोका. वर्षभराच्या गुणांतही चमत्कार दिसत नाही. अमेरिकेतल्या ८९८ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात चिठ्ठीशिवाय ही औषधं घेणाऱ्यांना गुणांमध्ये वरचढ फायदा झालेला आढळला नाही.

काय बिघडतं, त्याची यादी मोठी आहे, नेहमीची सांगतो. औषध लक्ष बांधतं, पण ते कशावर बांधायचं ते ठरवत नाही. गोळी चढण्याच्या क्षणी समोर वही असेल तर वही, कपाट असेल तर कपाट. तीन तास टिपणांना रंगीत रेघा मारण्यात जातात आणि ते काम अतिशय महत्त्वाचं वाटत असतं. भूक मरते, रक्तदाब आणि नाडी वाढते. हृदयाचा न कळलेला दोष असेल तर तो याच वेळी डोकं वर काढू शकतो. डॉक्टर औषध सुरू करण्याआधी त्याचीच विचारपूस करतात, आणि मित्राकडून घेतलेल्या गोळीत तो टप्पाच गळतो. साध्या मिथाइलफेनिडेटचा अंमल तीन-चार तासांत उतरतो आणि त्यापाठोपाठ चिडचिड, उदासी येते. दीर्घकाळ चालणारी कॅप्सूल कुणी फोडून किंवा चावून घेतली, तर दिवसभरासाठी भरलेला डोस एका दमात अंगात जातो. मोडाफिनिल निम्म्यावर यायला १२ ते १५ तास लागतात, म्हणजे सकाळी आठच्या गोळीतला निम्मा भाग रात्री आठनंतरही अंगात असतो. त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, औषध बंद केल्यावरही महिनाभर. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर लगेच बंद करून डॉक्टरकडे जायला हवं, कारण त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया अशीच सुरू होते. युरोपच्या औषध संस्थेने २०१० साली मोडाफिनिलचा वापर नार्कोलेप्सीपुरताच ठेवण्याची शिफारस केली, ती असे धोके तोलूनच.

त्यात नकली मालाची भर. ॲडरॉल या ॲम्फेटामिनच्या औषधाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बनावट गोळ्यांत मेथॲम्फेटामिन हे जहाल उत्तेजक किंवा फेंटॅनिल हे श्वास मंदावणारं तीव्र वेदनाशामक सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने दिले आहेत. रंग, आकार, वरचा ठसा, सगळं हुबेहूब असतं. नजरेने ओळखता येत नाही.

लबाडी कुठे आहे

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०११ साली आपल्या नियमांत भर घातली: चिठ्ठीशिवाय औषध घेऊन अभ्यासातली कामगिरी वाढवणं म्हणजे फसवणूक. उलट बाजूने, हेन्री ग्रीली आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं की निरोगी प्रौढांना बुद्धिवर्धक औषधं वापरू द्यायला हरकत नसावी. त्यांचा युक्तिवाद हलका नाही. शिकवणी चालते, चांगली पुस्तकं चालतात, व्यायाम चालतो, आणि हे सगळं मेंदूच बदलतं. मग गोळीलाच का अडवायचं? पण सुरक्षिततेचा पुरावा हवा, कुणावर सक्ती होता कामा नये, सगळ्यांना समान संधी हवी, याचीही काळजी त्याच लेखात आहे. आज हाती येणारा माल त्या कसोट्यांवर टिकत नाही.

ड्यूकच्या नियमाची दिशा आम्हाला पटते, त्याची भाषा तोकडी वाटते. नकलेत उत्तर दुसऱ्याचं असतं. इथे उत्तर स्वतःचंच असतं, बहुतेकदा जरा वाईटच. चूक आहे ती दुसऱ्याच्या वाट्यावर हात टाकण्यात. मित्राने दिलेली गोळी त्याच्या महिन्याच्या मोजलेल्या गोळ्यांतली असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेत ॲडरॉलचा तुटवडा अधिकृतपणे जाहीर झाला, तेव्हा रुग्णांना औषधासाठी दारोदार फिरावं लागलं. तुटवड्याची कारणं वेगळी होती, तरी अशा वेळी एखाद्या पेपरासाठी मागून घेतलेली गोळी कुणाच्या तरी दिवसातून वजा होते. शिवाय गैरवापर वाढला की डॉक्टर खऱ्या रुग्णाकडेही संशयाने पाहू लागतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये या औषधांवरचा ठळक इशारा सुधारला, तेव्हा हेही सांगितलं की गैरवापर करणाऱ्या बहुतेकांना औषध घरच्यांकडून किंवा सोबत्यांकडून मिळतं. म्हणजे देणाराही यात आलाच.

दुसरा बळी म्हणजे गोळी न घेणारा विद्यार्थी. जागा ठरावीक असलेल्या परीक्षेत वर्गातल्या पाचांनी गोळी सुरू केली की सहाव्याला ‘मी मागे पडतोय का’ ही भीती धरते. सगळ्यांनीच घेतली तर क्रम आहे तसाच राहतो, फक्त सगळ्यांची झोप गेलेली असते. सक्ती कुणी तोंडाने केलेली नसते, तरी ती सक्तीच. एका आठवड्यात चार पेपर आणि दोन प्रकल्प ठेवणाऱ्या संस्थांनी विद्यार्थ्यांना नियमावली दाखवण्याआधी आपलं वेळापत्रक पाहावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. निरोगी मुलांना गुणांसाठी ही औषधं लिहून देण्याचं समर्थन होत नाही, असं अमेरिकेच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ साली स्पष्ट केलं. ते मागणाऱ्या पालकांनाही लागू आहे.

आणि संमतीचा प्रश्न. पहिली गोळी शुद्धीत ठरवून घेतली जाते. दुसरी घ्यायची की नाही, हे पहिलीच्या अंमलाखाली ठरतं. म्हणून कॅफिनचीसुद्धा दिवसाची मर्यादा सकाळी कागदावर लिहून टेबलावर चिकटवावी, रात्री ती बदलू नये. आणि उपयोग होतो का, ते असं तपासावं: सारख्या काठिण्याचे चार जुने पेपर घ्या. चार वेगळ्या दिवशी, त्याच वेळी, पुरेशा झोपेनंतर सोडवा. दोन १०० मिलिग्रॅम कॅफिन घेऊन, दोन न घेता. कोणता कसा सोडवला ते न सांगता दुसऱ्याकडून तपासून घ्या. गुणांबरोबर सुटलेले प्रश्नही मोजा. चार पेपर म्हणजे काही शास्त्रीय पुरावा नव्हे, पण ‘भारी वाटलं’ यापेक्षा ती कसोटी खूप खरी. हा प्रयोग फक्त कॅफिनचा. चिठ्ठीवरच्या औषधांचा असा प्रयोग करू नये.

ज्यांना औषध डॉक्टरांनीच दिलं आहे, त्यांच्यासाठी थोडं. परीक्षेच्या दिवशी मात्रा किंवा वेळ स्वतःहून बदलू नका. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवा, आठवड्याला मोजा, खोलीत सगळ्यांचा वावर असेल तर कुलपात ठेवा. कुणी मागितली तर लांबण लावू नका. ‘मोजून मिळतात, माझ्याच कमी पडतील’ एवढं पुरतं, आणि ते खरं असतं.

कुणी उसनी गोळी आधीच घेतली असेल आणि छातीत दुखणं, असह्य डोकेदुखी, अंग तापणं, गोंधळल्यासारखं बोलणं यातलं काही दिसलं, तर वाट न पाहता रुग्णालयात न्या. पेंग, निळसर ओठ किंवा मंद श्वास दिसला तर नकली गोळी धरूनच चला आणि त्याला एकटं सोडू नका. काय घेतलं, किती, कधी, हे रुग्णालयात खरं सांगा. उरलेल्या गोळ्या किंवा रिकामी स्ट्रिप सोबत न्या.